फुप्फुसांची दुबार पेरणी



"फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी होतात का हो?"

परदेशातल्या मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत हा प्रश्न फार वेळा विचारला गेला आहे. कधी नाशिकच्या आयसीयूमधून व्हॉट्सॲपवर आलेला एक्स-रे बघताना, तर कधी इथे अमेरिकेतच, सहा महिन्यांसाठी आलेल्या आईच्या खाटेशेजारी बसून. फोटोत जिथे काळे दिसायला हवे तिथे दोन्ही बाजू पांढऱ्या झालेल्या असतात. डॉक्टर "वाट बघू" म्हणतात. आणि आपण रात्री दोन वाजता गूगलवर "फुप्फुस पुन्हा वाढवण्याचे उपाय" शोधत बसतो.

छोटे उत्तर असे: पुष्कळदा होतात, पण हळूहळू. काही वेळा होत नाहीत. या दोन वाक्यांच्या मध्ये काय काय येते, ते आज सांगायचे आहे. त्याबरोबर एक मतही मांडायचे आहे. फुप्फुस नवे करून देणारे औषध आज कुठल्याही दुकानात मिळत नाही. मात्र फुप्फुसाच्या अंगी दुरुस्तीची जी ताकद आहे ती जपण्याचे मार्ग आहेत. ते तपासून सिद्ध झालेले आहेत, बरेचसे स्वस्त आहेत, आणि नेमके त्यांच्याकडेच आपले सर्वांत कमी लक्ष असते. आपण आशा आणि पैसा दोन्ही चुकीच्या दुकानात खर्च करतो.

आत काय असते?

शाळेत आपण वायुकोश शिकलो. श्वासनलिकेच्या फांद्या फुटत फुटत शेवटी द्राक्षांच्या घडासारखे जे फुगे लागतात, ते वायुकोश. माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून ते सरासरी ४८ कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते, आणि तिच्यातून प्राणवायू आत जातो.

या भिंतीच्या आतल्या बाजूला मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी पापडासारख्या पातळ आणि पसरट. सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो आणि वायूंची देवाणघेवाण त्यांच्यातूनच होते. पातळ असल्यामुळे त्या नाजूकही असतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठेंगण्या, गुबगुबीत, कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेल्या. त्या सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ तयार करतात. तो नसेल तर वायुकोश उच्छ्वासाबरोबर मिटतात आणि चिकटून बसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का घेता येत नाही, याचे उत्तर बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये याच पदार्थाच्या अभावात शोधले.

या गुबगुबीत पेशींकडे आणखी एक काम असते: बियाणे राखण्याचे. २०१३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ब्रिजिड होगन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमधल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर कायमची खूण केली आणि पुढे त्यांच्या वंशजांचा माग काढला. या पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करत होत्याच, शिवाय त्यांच्यातूनच पातळ, पहिल्या प्रकारच्या पेशीही जन्माला येत होत्या. थोडक्यात, वायुकोशाच्या मूलपेशी वायुकोशातच राहतात. त्या बाहेरून आणून टोचाव्या लागत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बांध, तरवा आणि गाळ

आता मोठी इजा झाली असे समजा. न्यूमोनिया, फ्लू, कोविड, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, पोटातले आम्ल श्वासात जाणे, विषारी वाफा, कारण कुठलेही असो. पातळ पेशी मोठ्या संख्येने मरतात, रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि वायुकोश पाण्याने भरतात. याच्या तीव्र रूपाला डॉक्टर एआरडीएस म्हणतात.

पुढे काय होते हे समजायला कोकणातले भाताचे खाचर डोळ्यांपुढे आणा. अतिवृष्टीत लावलेली रोपे कुजली. पण बांध शाबूत आहेत आणि बाजूला थोडा तरवा शिल्लक आहे. मग शेतकरी पाणी ओसरायची वाट बघतो आणि पुन्हा लावणी करतो. देशावर याला दुबार पेरणी म्हणतात. पण बांधच वाहून गेले आणि खाचरात दगडगोटे, गाळ येऊन बसला, तर तरवा असूनही लावायला शेत उरत नाही.

फुप्फुसातही असेच घडते. मेलेल्या पातळ पेशी म्हणजे कुजलेली रोपे. दुसऱ्या प्रकारच्या पेशी म्हणजे तरवा. त्यांच्या खाली प्रथिनांचा एक नाजूक पडदा असतो, तो बांध. पडदा टिकला तर दुसऱ्या प्रकारच्या पेशी विभागतात, उघड्या पडलेल्या जागेवर सरकतात, चपट्या होतात आणि पातळ पेशींची जागा घेतात. पाणी शोषले जाते आणि वायुकोश पुन्हा उघडतो. पडदा फाटला, किंवा दाह थांबलाच नाही, तर तंतू तयार करणाऱ्या पेशी तिथे कोलॅजनचा गाळ भरत जातात. तो म्हणजे फायब्रोसिस, फुप्फुसावरचा वण. वण जागा भरतो, पण श्वास घेत नाही.

गाडी नेमकी कुठे अडते याचा एक धागा २०२० मध्ये हाती लागला. ड्यूकसह अनेक प्रयोगशाळांना उंदरांच्या फुप्फुसात मधल्या अवस्थेतल्या पेशी सापडल्या. त्यांनी जुनी ओळख सोडलेली असते, नवी अजून मिळालेली नसते. तुम्हा-आम्हाला ही अवस्था नवीन नाही: जुना व्हिसा संपलेला आणि नवा हातात नाही. दुरुस्ती नीट चालली असेल तर पेशी या अवस्थेतून लवकर पार होतात. फायब्रोसिस झालेल्या माणसांच्या फुप्फुसात मात्र अशा अडकून पडलेल्या पेशी साचलेल्या दिसतात. म्हणजे कित्येकदा अडचण बियाण्याची नसते. उगवलेले रोप वाढू न देणाऱ्या परिस्थितीची असते.

तीव्र फ्लूनंतर उंदरांत आणखी एक प्रकार दिसतो. वायुकोशांचे नुकसान फार मोठे असेल तर श्वासनलिकांकडच्या पेशी धावून येतात आणि भोक बुजवतात. तातडीच्या वेळी हे बरेच म्हणायचे. पण ते ठिगळ असते. त्याच्यातून प्राणवायू नीट जात नाही आणि त्याचे वायुकोशात रूपांतर होणेही दुर्मीळ असते.

बॉस्टनची आशा आणि शिकागोचा इशारा

मोठ्या माणसाचे फुप्फुस नव्याने वाढू शकत नाही, असे पूर्वी पाठ्यपुस्तकात ठामपणे लिहिलेले असे. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी एका स्त्रीची हकीकत छापली. कर्करोगामुळे ३३ व्या वर्षी तिचे उजवे फुप्फुस पूर्ण काढले होते. त्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ उरलेल्या डाव्या फुप्फुसाची मोजमापे होत गेली. विशिष्ट हेलियम वायू श्वासात देऊन केलेल्या एमआरआयवरून संशोधकांनी अंदाज बांधला की त्यातल्या वायुकोशांची संख्या सुमारे ६४ टक्क्यांनी वाढली आहे.

ही बातमी आनंदाचीच होती, पण ती नीट वाचायला हवी. ती एकाच व्यक्तीची आहे. तिच्या डाव्या फुप्फुसाला इजा झालेली नव्हती, त्याला फक्त मोकळी जागा आणि जास्तीचा ताण मिळाला होता. आणि या वाढीला पंधरा वर्षे लागली, पंधरा दिवस नव्हे.

दुसरे टोक शिकागोचे. ५ जून २०२० रोजी नॉर्थवेस्टर्न मेमोरियल रुग्णालयात डॉ. अंकित भरत यांच्या चमूने विशीतल्या एका तरुणीची दोन्ही फुप्फुसे बदलली. कोविडमुळे झालेल्या हानीसाठी अमेरिकेत केलेले हे पहिले दुहेरी प्रत्यारोपण होते. सहा आठवडे ती व्हेंटिलेटरवर आणि रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू देणाऱ्या एक्मो यंत्रावर होती. विषाणू निघून गेला होता, तरुण वय होते, तरीही फुप्फुस सावरले नाही. पुढे या चमूने अशा रुग्णांच्या काढलेल्या फुप्फुसांचा पेशींच्या पातळीवर अभ्यास केला, तेव्हा ती जुनाट फायब्रोसिसच्या फुप्फुसांशी मिळतीजुळती निघाली. बांध गेले होते.

म्हणून "फुप्फुस बरे होतेच" असे सांगणारा जितका चुकतो, तितकाच "एकदा गेले ते गेलेच" असे सांगणाराही चुकतो. प्रत्यारोपणाचा विचार कधी करावा याविषयी टोरंटोच्या शल्यचिकित्सकांनी २०२० मध्येच काही निकष सुचवले होते. त्यातला एक असा की श्वसनाचा त्रास सुरू झाल्यापासून किमान चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत. इतक्या दिवसांआधी "आता होणार नाही" म्हणणे बहुतेक वेळा उतावळेपणाचे ठरते.

प्रत्यारोपण हे सर्वांसाठी उत्तरही नाही. ऑगस्ट २०२० ते सप्टेंबर २०२१ या चौदा महिन्यांत अमेरिकेत कोविडच्या हानीसाठी २१४ फुप्फुस-प्रत्यारोपणे झाली. उलट, एआरडीएस आणि त्याच्या सौम्य रूपाचे मिळून अमेरिकेत वर्षाला सुमारे १ लाख ९० हजार रुग्ण होतात, असा अंदाज २००५ मध्ये, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी, छापून आला होता. दोन आकडे शेजारी ठेवले की कळते: जवळजवळ प्रत्येक रुग्णाला स्वतःच्याच फुप्फुसाच्या दुरुस्तीवर विसंबून राहायचे असते. मग ती दुरुस्ती चालू असताना आपण तिच्या आड येत नाही ना, हाच खरा प्रश्न.

कमी हवा, जास्त जीव

बराच काळ आपण तिच्या आड येत होतो. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या ॲशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये बारा रुग्णांचे वर्णन करून या आजाराला वेगळी ओळख दिली. त्यातले सात जण दगावले. पुढची तीन दशके अशा रुग्णांना व्हेंटिलेटरने मोठे, भरघोस श्वास दिले जात. विचार सरळ होता: प्राणवायू कमी पडतोय ना, मग हवा जास्त द्या.

घोळ असा की पाण्याने भरलेल्या फुप्फुसात हवा जायला जागा थोडीच उरलेली असते. ती सगळी हवा उरल्यासुरल्या चांगल्या वायुकोशांत कोंबली जाते आणि तेही फाटतात. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. बांध वाचवायला गेलेला माणूसच बांधावरून ट्रॅक्टर चालवत होता.

२००० साली एनआयएचच्या पैशांवर चाललेल्या एआरडीएस नेटवर्कचा निकाल आला. ८६१ रुग्ण होते. एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटर हवेचा श्वास, दुसऱ्याला ६ मिलिलिटरचा. पहिल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१. शंभरामागे जवळजवळ नऊ जीव वाचले, तेही कुठल्याही नव्या औषधाशिवाय, केवळ यंत्राचे बटण कमी फिरवून. बटण कमी फिरवण्याचे पेटंट निघत नाही. कुठली कंपनी अशा प्रयोगावर पैसा लावेल? म्हणूनच करदात्यांच्या पैशांवर चालणारे संशोधन लागते. एनआयएचच्या अंदाजपत्रकाची चर्चा होते तेव्हा हा प्रयोग मला आठवतो, आणि तुम्ही इथे मत देत असाल तर तुम्हालाही आठवावा.

२०१३ मध्ये असाच दुसरा साधा उपाय सिद्ध झाला. तीव्र एआरडीएसच्या रुग्णांना दिवसातले सोळा-सोळा तास पालथे झोपवले तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात, असे फ्रान्समधल्या प्रयोगाने दाखवले. पालथे झोपवल्यावर पाठीकडचे मिटलेले वायुकोश उघडतात आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. खर्च काय, तर चार-पाच अनुभवी परिचारिकांचे हात.

मग हे सगळीकडे होत असेल? २०१६ मध्ये ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंची पाहणी छापून आली. एआरडीएस झालेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे चार जणांमध्ये तो डॉक्टरांच्या लक्षातच आला नव्हता. तीव्र आजार असूनही पालथे झोपवलेले रुग्ण फक्त १६ टक्के होते. छोटा श्वास देण्याचा नियमही सर्वत्र पाळला जात नव्हता. अशा पाहण्यांत आणखी एक गोष्ट दिसते: बुटक्या माणसांना आणि स्त्रियांना प्रमाणाबाहेर मोठे श्वास मिळण्याची शक्यता जास्त.

याचे कारण समजून घ्या, कारण ते थेट आपल्या घरातले आहे. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, वजनावर नाही. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. म्हणून वर सांगितलेले "दर किलोमागे" हे तराजूवरचे वजन नसून उंची आणि लिंग यांवरून काढलेले वजन असते. तुमची आई पाच फूट उंच आणि सत्तर किलो वजनाची आहे असे धरू. सूत्राप्रमाणे तिचे हिशेबाचे वजन ४५.५ किलो. सहाने गुणले की श्वास २७३ मिलिलिटरचा. कुणी चुकून सत्तर किलो धरले तर तो ४२० मिलिलिटर होईल. म्हणजे जवळजवळ दीडपट. दर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा, दिवसरात्र. आपल्या आयांची उंची बघता हा हिशेब प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक असायला हवा.

दुकानातली आशा

आता त्या दुसऱ्या बाजाराकडे वळू. "स्वतःच्याच मूलपेशींनी फुप्फुस नवे करा" अशा जाहिराती अमेरिकेत अनेक क्लिनिक करतात. पोटाची चरबी किंवा रक्त काढायचे, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि परत टोचायच्या, हजारो डॉलर घेऊन. भारतातही अशी दुकाने आहेत, आणि परदेशातल्या मुलांकडे पैसे आहेत हे त्यांना ठाऊक असते.

फुप्फुसाच्या कुठल्याही आजारासाठी मूलपेशींच्या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेली नाही. अमेरिकन लंग असोसिएशननेही अशा उपचारांबाबत रुग्णांना सावध केले आहे. भारतात आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे रक्ताच्या काही आजारांसारख्या मान्य वापरांपलीकडे मूलपेशी फक्त रीतसर चाचणीतच द्याव्यात असे सांगतात. धोका फक्त खिशाला नसतो. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचल्यावर तीन स्त्रियांची दृष्टी गेली, हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे.

"मग शास्त्रज्ञांनी हे करून तरी बघावे ना?" असे तुम्ही म्हणाल. त्यांनी बघितले आहे. साठ एआरडीएस रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: पेशी टोचणे सुरक्षित वाटले, पण जीव वाचल्याचे दिसले नाही. कोविडच्या काळात दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशींची आणखी मोठी चाचणी झाली, २२२ रुग्णांवर. तिथेही ३० दिवसांतल्या मृत्यूंत ठरण्याजोगा फरक पडला नाही. याच उत्पादनाला डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने लहान मुलांच्या एका वेगळ्या, अस्थिमज्जा-प्रत्यारोपणानंतरच्या आजारासाठी मान्यता दिली. म्हणजे एफडीएचे मूलपेशींशी वैर नाही, ती पुरावा मागते, इतकेच.

आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता वापरा. वायुकोशाचे बियाणे वायुकोशातच असते. चरबीतली पेशी फुप्फुसात जाऊन वायुकोश होते याला पुरावा नाही. भाताच्या खाचरात बाजरी टाकून भात उगवत नाही. निन्टेडॅनिब आणि पिरफेनिडोन ही ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्यता मिळालेली फायब्रोसिसची औषधेसुद्धा वण वाढण्याचा वेग कमी करतात. झालेला वण पुसून नवे वायुकोश उभारत नाहीत. मोठ्या औषध कंपन्यांना जे जमलेले नाही ते मॉलशेजारच्या क्लिनिकला जमले असेल तर ते नोबेलसाठी का धडपडत नाहीत, एवढा प्रश्न विचारायला जीवशास्त्र शिकावे लागत नाही.

अडकलेल्या मधल्या पेशींना पुढे ढकलणारी औषधे उद्या येतील का? मला वाटते येतील. पण तो उद्या अजून प्रयोगशाळेत आहे.

फुप्फुस सावरते, माणूस मागे राहतो

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास टोरंटोचा आहे. मार्गारेट हेरिज आणि सहकाऱ्यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा माग ठेवला. आयसीयूतून बाहेर पडताना त्यांचे वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटलेले होते. सहा महिन्यांत फुप्फुसांची क्षमता बहुतेकांत जवळपास पूर्ववत झाली, म्हणजे दुबार पेरणी साधली होती. पण वर्षानंतर सहा मिनिटांत चालता येणारे अंतर अपेक्षेच्या फक्त ६६ टक्के होते आणि कामावर निम्मेच परतले होते. पाच वर्षांनंतरही ते अंतर ७६ टक्क्यांपुढे गेले नाही.

अडले कुठे? स्नायूंत आणि मनात. आठवडेच्या आठवडे झोपून मांड्या वाळल्या होत्या. नैराश्य होते, भीती होती. घरच्यांवरही ताण होता. आपण सगळे एक्स-रेकडे बघत बसलो आणि माणूस खाटेवर खंगत गेला. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्या आज्या सांगत. मुंगीला चालायला वाट तरी हवी. ती वाट म्हणजे फिजिओथेरपी आणि श्वसन-पुनर्वसन.

इथे अमेरिकेतली व्यवस्था तोकडी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्मोवर लाखो डॉलर खर्च होतात आणि पुनर्वसनाच्या चाळीसेक तासांसाठी विम्याशी भांडावे लागते. मेडिकेअरच्या श्वसन-पुनर्वसनाच्या यादीत सीओपीडी आहे, २०२२ पासून कोविडनंतर रेंगाळलेले त्रास आहेत. पण फ्लूमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे झालेल्या एआरडीएसचे नाव त्या यादीत नाही. फुप्फुसाला इजा कुणी केली हे फुप्फुस विचारत नाही, यादी मात्र विचारते. आपल्या पालकांची गोष्ट तर आणखी अवघड. नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्या वडीलधाऱ्यांना साधारणपणे सलग पाच वर्षे इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही. पाहुणे म्हणून आलेल्यांकडे प्रवासी विमा असतो, आणि तो बारीक अक्षरांत काय काय नाकारतो ते आपण बहुधा आजारपण आल्यावर वाचतो.

मग तुम्ही काय करायचे?

आयसीयूमध्ये "बरे होईल का?" हा प्रश्न विचाराच, पण त्याबरोबर चार प्रश्न आणखी विचारा. हा एआरडीएस आहे का? श्वास उंचीच्या हिशेबाने दिला जातो आहे का? पालथे झोपवण्याचा विचार झाला आहे का? झोपेची औषधे कमी करून हातपाय हलवायला कधी सुरुवात करणार? नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आईची खरी उंची सांगा, खाटेवरच्या रुग्णाची उंची पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असते.

वेळ द्या, याचा अर्थ काहीही झाले तरी यंत्रे चालूच ठेवा असा नाही. शिकागोची ती तरुणी आणि ऐंशी वर्षांचे, आधीच थकलेले आजोबा यांचा हिशेब एक नसतो. एक ठरावीक मुदत घ्यावी, तोवर पूर्ण प्रयत्न करावेत आणि मग पुन्हा एकत्र बसून ठरवावे, ही इथली पद्धत मला माणुसकीची वाटते. पण तेव्हा "आईला काय हवे होते?" हे कुणाला तरी माहीत असावे लागते. आपल्याकडे हा विषय अशुभ म्हणून टाळतात. तो चहाच्या वेळी, सगळे धडधाकट असताना काढा. आईवडील इथे येऊन राहणार असतील तर त्यांच्या वतीने निर्णय कोण घेणार याचा कागद करून ठेवा.

घरी आल्यावर वर्षभराचा धीर धरा. दोन महिन्यांनी दम लागतो म्हणून दुकानातल्या आशेकडे वळू नका. रोज थोडे जास्त चालणे, पुरेशी प्रथिने, झोप आणि मनाची विचारपूस यांनाच दुरुस्ती म्हणतात. घरात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा मुलांच्या दप्तरात व्हेप असेल तर तो विषय आजच काढा. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसाला इजा होऊन २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यातले बरेच जण तरुण होते.

आणि पूर येण्याआधीच बांध जपा. पुढच्या वेळी आईवडील येतील तेव्हा त्यांच्या सामानात लोणच्याच्या बरण्या असतीलच. तुम्ही तुमच्या यादीत फ्लूची, न्यूमोनियाची आणि वयानुसार आरएसव्हीची लस लिहून ठेवा. जवळच्या फार्मसीत पैसे भरून त्या मिळतात, आणि दुबार पेरणीपेक्षा त्या केव्हाही स्वस्त पडतात.